वामेसाठी वाळू

मासा खायचा असतो, पाळायचा नसतो, एवढी अक्कल आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही होती. म्हणून ज्या दिवशी आबा परंड्याहून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा घेऊन एसटीतून उतरले आणि थांब्यावरच त्यांनी सांगून टाकलं की ह्यात काचा बसवून वाम ठेवणार, त्या दिवशी लोक पोट धरून हसले. त्या साली दुष्काळात हसण्यासारखं दुसरं काही नव्हतंही. मलाही हसू आलं, आणि लगेच हसणाऱ्यांचा राग आला. माझं हे असंच. आपल्या माणसाला आपण हवी तेवढी नावं ठेवावीत, दुसऱ्यानं ठेवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आबा म्हणजे माझे वडील. गावाखालच्या तळ्यावर उपसा सिंचन सोसायटीचं ऑइल इंजिन होतं, ते आबा चालवायचे. तळ्याच्या काठाला एक गोल बांधीव विहीर होती, तिला सगळे जॅकवेल म्हणत. तळ्याचं पाणी नळातून त्या जॅकवेलमध्ये यायचं आणि तिथून इंजिन ते वरच्या शेतांना चढवायचं. आमची वस्ती बौद्धांची. धम्म घेऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गावातल्या विहिरीवर आमच्या घागरी चालत नव्हत्या. आणि त्याच गावाच्या गव्हाला, उसाला पाणी सोडणारा हात आबांचा होता. ज्यांच्या दारात आम्ही खाली बसायचं, ती माणसं इंजिनघरापाशी येऊन "आज आमच्याकडं सोडता का?" असं अहोजाहो करत विचारायची. आबा तेलानं काळे झालेले हात फडक्याला पुसत म्हणायचे, "पाळी आली की सोडतो." एवढं एक वाक्य म्हणताना त्यांची मान जी ताठ व्हायची, ती मी दुसरीकडं कुठंच पाहिली नाही.

मग पाऊस रुसला. एक साल, दुसरं साल, आणि तिसऱ्या साली तळ्याच्या मधोमध गुरं बसतील एवढी जमीन उघडी पडली. इंजिन थांबलं. सोसायटीच्या चेअरमननी आबांना सांगितलं, "तळं भरलं की बोलावतो." आबांनी इंजिनाला तेल दिलं, वर ताडपत्री बांधली, किल्ली चेअरमनकडं दिली आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले. पंचावन्न वर्षांचा माणूस. शेजारी मी.

मी तेव्हा बावीस वर्षांची. मला उमरग्याकडं दिली होती. तीन वर्षं नांदले आणि एक दिवस पत्र्याची पेटी उचलून परत आले. का आले ते मी आबांना सांगितलं नाही आणि आबांनी विचारलं नाही. आई माझ्या लहानपणीच गेलेली, त्यामुळं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आबांचा स्वभावच तसा होता. माणूस आपणहून सांगेल तेव्हा ऐकायचं, तोवर वाट बघायची. मला ते फार बरं वाटायचं तेव्हा.

तळं आटलं तरी जॅकवेलच्या तळाला गुडघाभर डबकं शिल्लक होतं. त्यात ही वाम होती. दोन वितींची असेल, तपकिरी अंग, पाठीवर वेड्यावाकड्या गडद रेघा, पुढं सोंडेसारखं टोकदार नाक आणि पाठीच्या कण्यावर बारीक बारीक काटे. हातात धरायला गेलं की काटे उभे करायची. दिवसा दिसायची नाही. गाळात अंग पुरून फक्त नाक वर ठेवून बसायची. दिवेलागणीला इंजिन बंद झालं, पाणी निवांत झालं, की हळूच बाहेर यायची. आबा तिला किती वर्षं बघत होते कुणास ठाऊक. कधी कधी भाकरीचा तुकडा टाकायचे, तो ती खायची नाही. गांडूळ टाकलं की मात्र लगेच यायची.

"डबकं महिन्याभरात जाईल," आबा एक दिवस कामावरून येताना म्हणाले. "तिला घरी आणावं म्हणतो."

"कालवणाला?"

"गप गं."

थोडं चालल्यावर ते थांबले. हातातला हातोडा ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "पोरी, येडेपणा हाय, म्हाईत हाय मला. पण मला असं वाटतंय, ही जगली तर माझं इंजिन परत चालू व्हईल. तळं भरंल तवा माझ्या हातानं तिला परत सोडीन. आन ही गेली तर..." आणि ते चालायला लागले. मला हसायला यायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि नाही आलं. तेव्हाच ठरवलं, बाई, ही वाम जगलीच पाहिजे. लोक हसोत नाहीतर रडोत.

मग आमच्या घरात तयारी सुरू झाली. एवढी तयारी माझ्या लग्नातही झाली नव्हती. सांगाडा परंड्याच्या वेल्डरनं करून दिला होता. काचा कुठून आणायच्या? आबा चेअरमनकडं गेले. सोसायटीच्या ऑफिसबाहेर सूचना लावायची काचेची पेटी होती, आत एक जुनी पिवळी पडलेली नोटीस सोडून काही नव्हतं. चेअरमन म्हणाले, "न्या. आता कसली सूचना लावायची, पाणी बंद आहे म्हणून? ते समद्यांना दिसतंयच." आबांनी ती नोटीस काढून नीट घडी घालून परत दिली आणि काचा घरी आणल्या. कापायला परत परंडा. बुडाला पत्रा, चारी बाजूंना काचा.

काचा बसवायला लांबी लागते, म्हणजे फटी बुजवायचा लगदा. विकतची आणायला नको म्हणून आबांनी खडूची भुकटी आणली आणि जवसाच्या तेलात ती कणकेसारखी मळायला घेतली. मळताना म्हणाले, "हे काम बाईमाणसाचं, तुझा हात बसंल." मी म्हटलं, "खडी फोडायला बाईमाणूस, कणीक मळायला बाईमाणूस, मग तुमी काय नुसती वाम बघणार?" पण मळली मीच. पहिल्या वेळेला पेटी एका कोपऱ्यातून गळली. दुसऱ्या वेळेला दोन कोपऱ्यांतून. आबा वैतागले नाहीत. सगळी लांबी खरवडून काढली, काचा पुसल्या, परत बसवल्या, आणि आठ दिवस पेटी सावलीत सुकू दिली. तिसऱ्या वेळेला घागरभर पाणी ओतून रात्रभर ठेवलं आणि सकाळी खालचा कागद कोरडा निघाला. आबांनी मला हाक मारून तो कोरडा कागद दाखवला. मॅट्रिकचा निकाल दाखवावा तसा.

पाण्याचाही प्रश्न होता. पंधरवड्यातून टँकर यायचा, त्याच्या पाण्याला औषधाचा वास असायचा, आणि मुळात प्यायच्या पाण्यात मासा ठेवला असता तर वस्तीनं आम्हाला जोड्यानं मारलं असतं आणि बरोबरच केलं असतं. आबा म्हणाले, "तिचं पाणी तिलाच." डबक्यातलं वरचं निवळ पाणी त्यांनी कावडीनं आणलं, दोन रांजण भरून ठेवलं. हिरवट पाणी, कुणी प्यालं नसतं. रांजणावर फडकी बांधली. पेटीवर झाकायला लाकडी चौकटीत जाळी ठोकली आणि तिच्यावर ठेवायला दोन विटा आणल्या. "फट ठेवायची न्हाय," आबा म्हणाले, "वाम म्हंजे सापाची मावसबहीण. बोटभर फट दिसली की बाहेर." लपायला म्हणून सिमेंटच्या पाइपाचा एक फुटका तुकडा आणला. त्याला आबा खापरी म्हणायचे.

राहिली वाळू.

"बारीक पाह्यजे, सोजीसारखी," आबांनी मला सांगितलं. "तिला अंग पुरायला लागतंय. कातडी लई मऊ असती तिची, टोचंल असं काय घालू नको. चार पाट्या लागतील. बाजारच्या दिवशी काम बंद असतंय, तवा आपण दोघं नदीला जाऊ."

नदी म्हणजे सीना, आमच्यापासून चांगली लांब. बाजारचा दिवस यायला पाच दिवस होते आणि डबकं तर रोज आटत होतं. मी म्हटलं, "कशाला नदी? वढ्यात काय वाळू न्हाय? मी आणते." मला वाटलं, आबांची एक खेप वाचेल. आणि खरं सांगायचं तर मला शहाणपणा करून दाखवायचा होता.

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस काम बुडवून मी पाटी-खोरं घेऊन ओढ्यात गेले. ओढा कोरडा ठाक होता, पण वाळूत वस्तीनं झिरे खणले होते. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. त्यात पाणी वाटीवाटीनं झिरपतं, ते बाया वाटीनंच घागरीत भरतात. एक घागर भरायला तासभर लागायचा. मी झिऱ्यापासून दहा पावलं लांब बसून वाळू चाळायला लागले. अर्धी पाटी झाली असेल तोवर माझी चुलती आली.

"काय करतीस गं?"

"वाळू नेते. आबांच्या वामेला."

"झिऱ्याची वाळू? येड लागलं का तुला? ही वाळू हाय म्हणून पाणी गाळून येतंय. ती उकरल्यावर उद्या चिखल प्यायचा का आमी?"

"चार पाट्यांनी काय व्हतंय?"

"आज तू चार नेशील, उद्या दुसरी चूल घालायला नेईल. ह्या वाळूला हात लावायचा न्हाय असं ठरलंय न्हवं समद्यांचं?"

ठरलं होतं. दुष्काळात आमच्याकडं झिऱ्याची वाळू हलवणं म्हणजे लोकांच्या तोंडचं पाणी काढणं, हे मलाही माहीत होतं. ती बोलली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिथं थांबली असती तर मी मान खाली घालून परत आले असते. पण ती पुढं म्हणाली, "नवऱ्याचं घर मोडून आलीस, आता वस्तीचा झिरा मोड."

झिऱ्यावरच्या सगळ्या बाया ऐकत होत्या. कुणी वाटी खाली ठेवली, कुणी पदर नीट केला. माझ्या कानांतून वाफा निघाल्या. "माझं घर कसं मोडलं ते बघायला तुमी आलता का?" एवढं बोलले आणि अर्धी पाटी उचलून निघाले. तिनंही ती अडवली नाही. चालताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्याचाही मला राग आला.

घरी न येता मी सरळ रस्त्याच्या मागच्या टप्प्यावरच्या खडीच्या ढिगाऱ्याकडं गेले, आबा लांब पुढच्या टप्प्यावर होते. खडी फोडताना दगडाचा जो बारीक चुरा पडतो त्याला कच म्हणतात. कुणाला त्याचं काही नव्हतं, पाट्याच्या पाट्या पडून होत्या. रंगानं काळी, बाकी दिसायला वाळूसारखीच. बोटांत धरून चोळली की कळतं, प्रत्येक कणाला धार असते. मी ती चाळली, पाखडली, रांजणातल्या हिरव्या पाण्यात खळबळून घेतली. पेटीच्या तळाला चार बोटं कच पसरली आणि तिच्यावर ओढ्याची ती अर्धी पाटी वाळू. एक बोट जाडीचा थर बसला. वरून पाहिलं तर कुणाला काही कळलं नसतं.

आबा तिन्हीसांजेला आले.

"मिळाली व्हय?"

"मिळाली."

"चार पाट्या?"

"चार पाट्या."

"झिऱ्यावर कुणी बोललं न्हाय?"

"कुणाची हाय हिंमत?"

आबा हसले. आता तुम्ही म्हणाल, खरं सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतं तर कोण काय म्हणालं तेही सांगावं लागलं असतं. मग घर मोडण्याची गोष्ट आमच्या दोघांच्या मधे येऊन बसली असती. आबा वाट बघत बसले असते आणि मला सांगावं लागलं असतं. नवऱ्याच्या घरातलं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं आणि सांगायचंही नव्हतं. म्हणून मी चार पाट्या म्हटलं. त्याहून मोठं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी बाही वर सारून पेटीत हात घातला आणि खापरी बसवायला बोटं तळात दाबली. मी चुलीपाशी बसून बघत होते. हात थोडा वेळ तिथंच थांबला. मग त्यांनी खापरी टेकवली, हात बाहेर काढला, पुसला. "झकास," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, खडी फोडून त्यांच्या बोटांची कातडी दगड झाली आहे, त्यांना काय कळणार.

वाम आणली त्या दिवशी वस्ती जमली होती. आबांनी ओलं पोतं घालून तिला डबक्यातून उचललं, तोंडापर्यंत भरलेल्या घागरीत घालून डोक्यावरून आणलं. आल्याआल्या पेटीत ओतली नाही. घागरीत पेटीतलं पाणी तांब्या तांब्यानं मिसळत राहिले, तिला नवं पाणी कळावं म्हणून. मग घागर हळूच कलती केली. ती बाहेर आली, काचेला नाक लावून एक फेरी मारली आणि खापरीत शिरली. आबा काचेपुढं मांडी घालून बसले ते दिवा लावेपर्यंत उठले नाहीत.

पुढचे चार-पाच दिवस आमचं घर घर राहिलं नाही. लोक यायचे. जे हसले होते तेही आले. रांजणाखालच्या ओलीत गांडुळं सापडायची, आबा तिन्हीसांजेला एकेक सोडायचे आणि ती सोंड हलवत बाहेर यायची, की पोरं ओरडायची. वरच्या आळीची माणसंही आली. कधी आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकलेली माणसं, आत येऊन काचेपुढं उकिडवी बसली. त्यांतल्या एकानं विचारलं, "किती दिवस जगंल ही?" आबा म्हणाले, "तळं भरंस्तवर." मान तशीच ताठ, इंजिनघरात असायची तशी. मला इतकं बरं वाटलं की वाळूचं मी विसरूनच गेले. खरंच विसरले.

सहाव्या दिवशी मला तिच्या हनुवटीखाली पांढरी रेघ दिसली. दिवसा ती अंग पुरायला जायची, वरची वाळू बोटभर, खाली कच. ती जोर करून घुसायची, बाहेर निघायची, परत दुसरीकडं घुसायची. जॅकवेलच्या गाळात ती तासन्‌तास निवांत बसायची. इथं तिला बसताच येत नव्हतं. दोन दिवसांत रेघेच्या तीन रेघा झाल्या. नाकाचं टोक लाल झालं. मग पोटावर कापसाच्या पुंजक्यासारखं पांढरं काहीतरी धरलं.

आबांनी पाण्यात खडेमीठ टाकलं. अर्धं पाणी काढून रांजणातलं नवं घातलं. गांडूळ सोडलं, तिनं ते बघितलं नाही. आबा काचेपुढं बसून होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "काय झालं असंल गं हिला?"

"काय की."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला परत तेच. "काय झालं असंल गं?"

"जागा बदलली, म्हणून असंल," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशीही त्यांनी विचारलं. मी भाकरी थापत होते. परातीतलं पीठ हाताला चिकटत होतं आणि मला रडू येत होतं, ते त्यांना दिसू नये म्हणून मी चुलीत फुंकर मारत बसले. मी मनाशी ठरवलं होतं, येत्या बाजारच्या दिवशी आबा परंड्याला जातील तेव्हा एकटी नदीला जायचं, दोन खेपा करायच्या, सगळी कच काढून खरी वाळू घालायची. आबांना कळायच्या आत. दोन दिवस राहिले होते. दोन दिवस कसेही निघतील असं मला वाटत होतं.

बाजारच्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आबा पेटीजवळ उभे होते. जाळी काढून भिंतीला टेकवली होती. वाम खापरीच्या बाहेर, आडवी, एका कुशीवर पडली होती. कच उघडी पडली होती तिथंच, तिच्या पोटाखाली. आबांनी तिला दोन्ही हातांत उचललं. तिचे काटे आता उभे राहत नव्हते. त्यांनी ती एका फडक्यात गुंडाळली आणि तळ्याकडं निघून गेले. मी मागून गेले नाही. कुठं पुरली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढं पाऊस झाला, तळंही भरलं. सोसायटीनं ऑइल इंजिन विकून विजेची मोटार बसवली आणि ती चालवायला चेअरमनच्या नात्यातला कुणी आला. आबांना बोलावणं आलं नाही. ते दोन वेळा जाऊन इंजिनघराबाहेर उभे राहून आले, आत गेले नाहीत. वाम जगली असती तर ही नोकरी राहिली असती असं म्हणण्याइतकी मी खुळी नाही. पण ती असती तर आबा भांडले असते असं मला आजही वाटतं. तळ्यावर तिला सोडायला गेले असते, चार माणसं बरोबर आली असती, आणि तिथं उभं राहून ते म्हणाले असते, माझं इंजिन मला द्या. वाम गेल्यावर त्यांनी कुणाकडं काही मागितलं नाही. कामावर जायचे, यायचे, खोकायचे. सात वर्षांनी गेले. मी परत नांदायला गेले नाही, आणि का ते त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या दिवशीचं मात्र सांगायचं राहिलं. आबा दुपारी तळ्यावरून परत आले, परंड्याला गेलेच नाहीत. पेटी रिकामी करायला बसले. तांब्यानं पाणी काढून दारातल्या लिंबाला घातलं. मग तळातली वाळू ओंजळीनं काढायला लागले. पहिली ओंजळ पिवळसर. दुसरी काळी. त्यांनी ती काळी ओंजळ थोडा वेळ हातात धरली, तळव्यावर पसरली. मी दारात उभी होते.

"पहिल्याच दिवशी कळलं व्हतं मला," आबा म्हणाले. "खापरी बसवताना."

मग तोंडातून जे निघालं ते असं: "मग काढली का न्हाय तुमी?" आणि माझा आवाज चढला. चूक माझी, आणि आवाजही माझाच चढला.

आबा रागावले नाहीत. "काढली असती तर तुला तोंडावर खोटी पाडल्यासारखं झालं असतं. लोकं बोलत्यातच तुला. म्याबी बोलावं व्हय?" त्यांनी कच पाटीत टाकली, हात झटकले. "म्हटलं, पोरगी सांगंल. आज सांगंल, उद्या सांगंल. सांगितलं की दोघं मिळून काढू, नदीची घालू. वर वाळू हाय तवर निभंल, असं वाटलं. म्हणून रोज इचारत व्हतो." मग म्हणाले, "न्हाय निभलं."

एक शब्द बोलायचा होता मला. चुकलं. एवढाच. आबा वर माझ्याकडं बघत होते, ओल्या हातांनी, पेटीच्या कडेला बसून. त्यांना घाई नव्हती.

मी म्हटलं, "चहा टाकू का?"

आबांनी जरा वेळ माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "टाक."